भिंतीवर कुणाला लावायचं?

पेणमध्ये गणपतीचे कारखाने बारा महिने चालतात आणि कॉम्प्युटरचे क्लास दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की भरतात. अशाच एका क्लासच्या सरांनी यंदा गर्दी सुरू होण्याआधी रंगकाम काढलं. समोरच्या मोठ्या भिंतीवर, ज्यांनी पर्सनल कॉम्प्युटर घडवला त्यांचे फोटो लावायचे, असं त्यांच्या मनात होतं. शेजारच्या कारखान्यातले आप्पा रंगाची छटा सांगायला म्हणून आले. त्यांचं आयुष्य मूर्तीची मॉडेलं घडवण्यात गेलेलं. छटा ठरायची राहिली आणि वाद रंगला. दोघांची बाजू ऐकण्यासारखी वाटली, म्हणून ती इथे देत आहे.

सर : चार फोटो पक्के आहेत, आप्पा. स्टीव्ह जॉब्ज, स्टीव्ह वॉझ्नियाक, बिल गेट्स आणि आपले विजय भटकर.

आप्पा : भटकरांनी महासंगणक केला ना? ‘परम’. तो कुणाच्या घरात मावणार?

सर : खरं आहे. परम ८००० हा १९९१ चा, आणि तो सुपरकॉम्प्युटर. पण एक तरी मराठी नाव हवं की नको?

आप्पा : म्हणजे जागा भरायला. मोठ्या माणसाला असं बसवू नये, त्याचाच अपमान होतो. पण ते राहू द्या. मुळात फोटो कशाला?

सर : माझ्याकडे हमरापूर, जोहे, वडखळहून पोरं येतात. त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे खोक्यातून आलेली वस्तू. ती कुणीतरी हातानं जोडली, चुकली, पुन्हा जोडली, आणि जोडणारे वयानं त्यांच्यापेक्षा फार मोठे नव्हते, हे त्यांना कळायला चेहरा लागतो. १९७६ साली ॲपल सुरू झाली तेव्हा जॉब्ज २१ वर्षांचा होता, वॉझ्नियाक २५ चा.

आप्पा : वय सांगितलंत. केलं काय ते सांगा.

सर : सांगतो. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचं यंत्र आलं. सुटे भाग मागवायचे आणि घरी डाग देऊन जोडायचे. त्याला ना कीबोर्ड, ना पडदा. पुढच्या पट्टीवर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. एकेक आकडा खटके वरखाली करून आत घालायचा आणि उत्तर दिव्यांवरून वाचायचं. तरी लोकांच्या उड्या पडल्या, कारण स्वतःच्या मालकीचा कॉम्प्युटर ही कल्पनाच नवी होती. दोनच महिन्यांत, मार्चमध्ये, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये हौशी लोक जमले आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. वॉझ्नियाक तिथे होता. नोकरी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये, आणि रात्री घरी हा उद्योग. इंटेलची चिप त्याला परवडत नव्हती, म्हणून त्यानं २५ डॉलरच्या आसपास मिळणारी ६५०२ ही चिप घेतली, तिला कीबोर्ड जोडला आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. कमीत कमी चिपांत काम भागवायचं, ही त्याची खोड. दुसऱ्याच्या आराखड्यातले भाग कमी करून दाखवणं हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ होता.

आप्पा : हे आवडलं. चांगल्या कारागिराच्या हातून माल वाया जात नाही. याचा फोटो लावा.

सर : आणि जॉब्जचा?

आप्पा : त्यानं काय जोडलं?

सर : तिथेच घोडं अडतं. जोडलं वॉझ्नियाकनं. विकायचं कसं, दिसायला कसं हवं, कुणाकडून काय काम काढून घ्यायचं, हे जॉब्जचं. पुढे १९८४ चा मॅकिंटॉश. चित्रं, खिडक्या, माउस. आज पोरगं क्लासात येऊन बसतं आणि पहिल्या दिवशी माउस हातात घेतं, ते त्याच्यामुळे.

आप्पा : माउस त्यानं काढला?

सर : नाही. डग्लस एंगेलबार्टनं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात त्यानं दीड तास प्रयोग करून दाखवला. माउस, पडद्यावरचं लेखन, एका शब्दावरून दुसऱ्या कागदावर उडी, लांबच्या सहकाऱ्याशी पडद्यावर गप्पा. पहिला माउस तर लाकडी होता. कल्पना एंगेलबार्टची, ठोकून तयार केला बिल इंग्लिश या त्याच्या सहकाऱ्यानं.

आप्पा : पैसा किती मिळाला?

सर : पेटंट तो जिथे काम करत होता त्या संस्थेच्या नावावर. त्याला रॉयल्टी मिळाली नाही.

आप्पा : आणि खिडक्या?

सर : झेरॉक्स कंपनीची पालो आल्टोला प्रयोगशाळा होती. तिथे १९७३ मध्येच ‘आल्टो’ नावाचा कॉम्प्युटर तयार होता. ॲलन केच्या डोक्यात मुलांच्या हातात मावेल असं यंत्र घोळत होतं, चक थॅकरनं आल्टोचा आराखडा बांधला. १९७९ मध्ये ॲपलची मंडळी ते सगळं पाहायला गेली. तिथल्या ॲडेल गोल्डबर्गनं हरकत घेतली होती, आपलं घर उघडून का दाखवता म्हणून. वरून हुकूम आल्यावर तिला दाखवावं लागलं.

आप्पा : म्हणजे मॉडेल एकाचं, साचा दुसऱ्यानं काढला, आणि दुकानाच्या पाटीवर नाव तिसऱ्याचं. अहो सर, हे मला सांगता? आमच्या धंद्यात शाडूचं मॉडेल करायला महिना-महिना जातो. बोटांची पेरं, सोंडेचा वळसा, पितांबराच्या चुण्या. त्यावर एकदा रबर चढलं, बाहेरून कवच बसलं, की त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. मुंबईत गिऱ्हाईक विचारतं, मूर्ती कुठली? पेणची. मॉडेल कुणाचं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुमचा जॉब्ज म्हणजे मुंबईचा दुकानदार.

सर : अगदी तसं नाही. झेरॉक्सनं स्वतः ‘स्टार’ नावाचं यंत्र १९८१ मध्ये बाजारात आणलं. एका यंत्राला साडेसोळा हजार डॉलर. कोण घेणार? ॲपलनं आधी ‘लिसा’ काढली, तीही दहा हजारांच्या घरात गेली आणि आपटली. मॅकिंटॉश आला अडीच हजारांना. तोही महागच, पण माणूस कर्ज काढून तरी घेईल असा. शिवाय झेरॉक्सकडे पाहिलेलं जसंच्या तसं उचललं नव्हतं. ॲपलच्या बिल ॲटकिन्सननं एकावर एक खिडक्या रंगवायची रीत स्वतः शोधली, सुझन केअरनं एकेक चौकट भरत चिन्हं काढली. वस्तू लोकांच्या खिशाला आणि हाताला झेपेल अशी करणं, हे काय नुसतं दुकान मांडणं झालं?

आप्पा : ...नाही. ते मान्य. आमच्यात रंग सगळे मारतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात निराळा. डोळे उघडेपर्यंत मूर्ती म्हणजे प्लास्टर. आखणीवाल्याला आम्ही जास्त मजुरी देतो आणि त्याला चहा आधी जातो. तुमचा जॉब्ज आखणीवाला असेल तर लावा फोटो. पण मॉडेलवाल्याच्या शेजारी. त्याच्या जागी नको.

सर : म्हणजे एंगेलबार्ट आत आला. फोटो पाच झाले.

आप्पा : गेट्सचं सांगा आता.

सर : अल्टेअरचं ते मासिक पाहून गेट्स आणि पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहायला घेतली. गंमत अशी, की दोघांनी अल्टेअर डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. ॲलननं हार्वर्ड विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरच्या चिपचं सोंग उभं केलं, आणि त्या सोंगावर त्यांनी प्रोग्रॅम तपासला. मग ॲलन विमानानं अल्टेअरच्या कंपनीकडे, आल्बुकर्कीला गेला. बेसिक यंत्रात भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम राहिलाच आहे, हे त्याला वाटेत आठवलं, तो त्यानं विमानात बसून लिहिला. तिथे खरं यंत्र सुरू केलं आणि पहिल्या झटक्यात चाललं. गेट्स तेव्हा १९ वर्षांचा होता.

आप्पा : हिंमत आहे. पण मशीन विद्यापीठाचं, म्हणजे माती फुकटची.

सर : अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशांतली. त्यावरून विद्यापीठात विचारणाही झाली. आणि वर्षभरात, फेब्रुवारी १९७६ मध्ये, याच गेट्सनं हौशी मंडळींना उघड पत्र लिहिलं. तुम्ही आमचं बेसिक चोरता, दहा टक्के लोकांनीसुद्धा विकत घेतलेलं नाही, हिशोब केला तर आमची मजुरी तासाला दोन डॉलरही पडत नाही. इकडे त्याच काळात वॉझ्नियाक क्लबात आपल्या यंत्राचा आराखडा छापून फुकट वाटत होता. म्हणून मला वॉझ्नियाक जवळचा. गेट्सचा फोटो लावताना हात जरा अडखळतो, पण नाव मोठं म्हणून लावतो.

आप्पा : थांबा. इथे मी गेट्सच्या बाजूनं.

सर : तुम्ही?

आप्पा : मीच. आम्ही एक मॉडेल केलं होतं. बसलेला बालगणेश, उजव्या हातात मोदक, मान जराशी कललेली. एकानं एक मूर्ती रीतसर पैसे मोजून नेली, तिच्यावरूनच साचा काढला, आणि पुढच्या वर्षी आमच्यापेक्षा स्वस्तात तीच मान बाजारात. भांडायला जाऊन उपयोग नव्हता, देव काय कुणाच्या एकट्याचा असतो, हे उत्तर तयार. ज्यानं फुकट दिलं त्याचं कौतुक करा. पण जो म्हणतो माझ्या मेहनतीचे पैसे द्या, त्याच्यासमोर नाक मुरडू नका. वॉझ्नियाकला महिन्याचा पगार सुरू होता, म्हणून वाटायला परवडलं.

सर : हा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. पण आप्पा, साचा काढणारे नसते तर पेणला कॉम्प्युटर आलाच नसता. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ चा. घाईत करायचा म्हणून बाजारात मिळणारे भाग जोडून केला. फक्त आतला एक छोटा प्रोग्रॅम, बायॉस, तेवढा त्यांच्या मालकीचा. कॉम्पॅक कंपनीनं काय केलं? एका गटानं आयबीएमचं बायॉस वाचून ते काय-काय करतं एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटानं मूळ ओळ एकही न पाहता त्या यादीवरून नवं लिहिलं. कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. तिथून क्लोन, म्हणजे आयबीएमसारखेच चालणारे पीसी, सुरू झाले. आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, आयात सैल झाली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोर्ड, रॅम, कॅबिनेट वेगवेगळं घेऊन जोडलेले पीसी कोकणात उतरले. पेणमध्ये आधी आले ते हे असेंबल्ड. आयबीएमचं अस्सल यंत्र इथे कुणाला परवडणार होतं?

आप्पा : मूर्तीला हात न लावता, नुसतं वर्णन ऐकून दुसरी मूर्ती घडवली. ही चोरी नव्हे. असा कारागीर माझ्याकडे आला तर कामाला ठेवीन. पण मग त्याचाही फोटो हवा.

सर : भिंत पुरायची नाही.

आप्पा : तेच तर मी सांगतोय. चार चेहरे लावले की पोराला वाटतं चौघांनीच केलं. बरं, मला दुसरं सांगा. तुमचा तो असेंबल्ड पीसी आला तेव्हा त्याला मराठी येत होतं?

सर : एक अक्षर नाही.

आप्पा : मग आमच्या मंडळाची पावती-पुस्तकं, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे दाखले, हे सगळं त्याच्यावर यायला लागलं ते कुणामुळे? तो माणूस तुमच्या भिंतीवर कुठे आहे?

सर : ...नाही. आणि त्याचं नाव मला माहीत आहे. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम चाललं होतं, त्यात मोहन तांबे होते. पुढे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, भटकरांच्या हाताखाली, तेव्हा तांबे आणि ते काम तिथे आलं. ‘जिस्ट’ म्हणत त्याला. एक कार्ड पीसीच्या पोटात बसवायचं, की इंग्रजीसाठी केलेलं मशीन देवनागरी दाखवू लागायचं.

आप्पा : म्हणजे भटकरांना लावायचं खरं कारण हे. परम नव्हे.

सर : पटलं. त्या कामामागची युक्ती ऐका. आपल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकाच घडणीची. मग प्रत्येक अक्षराला सगळ्या लिप्यांत एकच क्रमांक द्यायचा. तेच ‘इस्की’, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. कीबोर्डही तसाच, इन्स्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि ‘क’ ज्या कळीवर मराठीत, त्याच कळीवर बंगालीत आणि तमिळमध्ये.

आप्पा : मग आमच्या पत्रिकेचा घोळ का व्हायचा? पुतण्याच्या लग्नाला इथे मजकूर जुळवला, छपाईला मुंबईला पाठवला. तिकडून फोन, इथे नुसते इंग्रजी किडे दिसतायत.

सर : कारण दुकानातल्या डीटीपीवाल्यांनी मानक वापरलंच नाही. प्रत्येक कंपनीच्या फॉण्टची आतली मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी तुकडे बसवलेले, एकीकडे काना, एकीकडे अर्धा श. ज्या मशीनवर तोच फॉण्ट नाही तिथे खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. वर महागड्या पॅकेजला कॉम्प्युटरच्या मागे लावायचं कुलूप असायचं. कुलूप हरवलं की दुकान बंद.

आप्पा : गेट्सच्या पत्राचं उत्तर. बरोबरच आहे.

सर : यातून सुटका झाली ती जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमुळे. त्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीवरून घेतलेला आहे. म्हणजे आज पोरगं मोबाइलवर मराठीत मेसेज टाकतं, तेव्हा त्या क्रमांकांच्या मुळाशी कानपूर आणि पुण्याचं काम आहे. ‘दऱ्या’ लिहिताना य च्या डोक्यावर रफार न देता आडवी वेलांटीसारखी रेघ लागते ना, तिची सोयही त्या तक्त्यात आहे. हिंदीला तिचं काम नाही, आपल्याला आहे. आणि अक्षराचा चेहरा म्हणाल, तर विंडोज २००० बरोबर जो ‘मंगल’ फॉण्ट आला तो र. कृ. जोशींचा. जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेले सुलेखनकार, नंतर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक. २००८ मध्ये गेले. त्यांचं अक्षर महाराष्ट्रातल्या अनेक सरकारी कचेऱ्यांत दिसतं, नाव कुणाला ठाऊक नाही.

आप्पा : बोरूनं अक्षर काढणारा माणूस कॉम्प्युटरच्या पोटात गेला. त्याचा फोटो मिळेल तेवढा मोठा करा.

सर : म्हणजे तांबे आणि जोशी आले. सात.

आप्पा : आणि रोह्याचे चिंतामणराव देशमुख?

सर : सी. डी. देशमुख? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडणारे. ते इथे कसे?

आप्पा : माझा भाऊ रोह्याला असतो, तिथल्या व्याख्यानात ऐकलं. कलकत्त्याच्या त्या आकडेवारीच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते म्हणे, आणि देशातला पहिला कॉम्प्युटर तिथेच आला.

सर : बरोबर ऐकलंत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. देशमुख १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षं तिचे अध्यक्ष होते. १९५५ मध्ये तिथे इंग्लंडहून ‘एचईसी-२एम’ आला. पण आप्पा, तो खोलीभर पसरलेला होता, पर्सनल नव्हे. आणि देशमुखांनी तो ना केला, ना चालवला. अध्यक्ष म्हणून फोटो लावायचे तर संपलंच. जिल्ह्याचा अभिमान म्हणून तुम्हीही जागाच भरताय.

आप्पा : लागलं मला. पण एक आहे. कारखान्याला जागा देणाऱ्याचं नाव कधीच घ्यायचं नाही का? पाऊस लागला की ओली मूर्ती ठेवायला छप्पर लागतं.

सर : घ्यायचं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतही बॉब टेलर होता. तो स्वतः कॉम्प्युटर बांधणारा नव्हता. आधी सरकारी खात्यात असताना त्यानं एंगेलबार्टला पैसा मिळवून दिला, नंतर पालो आल्टोला चांगली माणसं गोळा करून त्यांना काम करू दिलं. पण त्यानं ते जाणून केलं, माणूस पारखून. देशमुखांबद्दल मला तेवढं सांगता येत नाही. म्हणून टेलर आत, देशमुख बाहेर.

आप्पा : कठोर आहात. पण नियम लावलात तर दोन्हीकडे सारखा लावलात, म्हणून गप्प बसतो.

सर : तुमचा आक्षेप फोटोलाच होता. आता तुम्हीच नावं वाढवताय.

आप्पा : आक्षेप होता तो नुसत्या चेहऱ्याला. चेहरा पाहून पोरगं हात जोडतं. हात जोडले की काम संपतं, प्रश्न पडत नाही. माझ्या कारखान्यात नवा मुलगा आला तर मी त्याला माझ्या पाया पडू देत नाही, साचा उलटा करून दाखवतो. सांधा कुठे येतो, हवा कुठे अडकते, बोट कुठे तुटतं. मग तो आपोआप विचारतो, हे कुणी काढलं? तो आदर खरा.

सर : पण साचा बघायला कारखान्यात पाऊल तर टाकायला हवं. ते चेहरा टाकायला लावतो. मी स्वतः वॉझ्नियाकचा फोटो पाहूनच त्याची सर्किटं वाचायला लागलो. तुम्ही थेट साच्यापासून सुरू करा म्हणता, ते ज्याला आधीच गोडी आहे त्याला जमतं. बाकीच्यांना गोष्ट लागते.

आप्पा : मग गोष्ट पूर्ण सांगा. अल्टेअरवाल्याचं पुढे काय झालं?

सर : एड रॉबर्ट्स. दोन-तीन वर्षांत त्यानं कंपनी विकली, चाळिशीच्या सुमारास वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या गावात डॉक्टर झाला. पेशंट तपासत राहिला. २०१० मध्ये तो शेवटच्या आजारात होता तेव्हा गेट्स त्याला भेटायला गेला होता.

आप्पा : हे लिहा भिंतीवर. याच्यामुळे पोरांना कळेल की सुरुवात करणारा आणि श्रीमंत होणारा एकच असतो असं नाही, आणि नसला तरी त्याचं आयुष्य फुकट गेलं असंही नाही.

सर : बरं, मग असं करू. फोटो लहान, आणि प्रत्येकाखाली चार रकाने. काय केलं. कधी केलं. कुणाचं घेऊन केलं. पुढे कुणी नेलं. जॉब्जच्या तिसऱ्या रकान्यात एंगेलबार्ट आणि झेरॉक्स येतील, आयबीएमच्या पीसीचेही रकाने करू, त्याच्या चौथ्यात कॉम्पॅक आणि लॅमिंग्टन रोड, तांब्यांच्या चौथ्यात युनिकोड. गेट्सच्या फोटोखाली हार्वर्डचं मशीनही लिहितो आणि ते पत्रही. आणि खाली टेबलावर एक जुना सीपीयू उघडून ठेवतो, पोरांना हात लावायला.

आप्पा : आता भिंतीचा रंग सांगतो. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा टाका, अक्षर उठून दिसेल. नुसता पांढरा डोळ्यावर येतो.

सर : आणि एक फोटो तुमचा लावतो. पेणचा मॉडेलवाला. तोही डिझाइनच करतो.

आप्पा : माझा कशाला? मी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. आताच देशमुखांना बाहेर ठेवलंत ना? नियम मोडू नका. फारच वाटलं, तर त्या बालगणेशाचा फोटो माझ्या कारखान्यात येऊन काढा आणि खाली तुमचे चार रकाने भरा. पहिले तीन मी सांगतो. चौथ्याला मात्र वेगळा कागद जोडावा लागेल.